डब्याला उकडते, पिल्ली गारठतात!



गुऱ्हाळावर चुलवाणापाशी रात्र काढली असेल त्यांस ठाऊक आहे की, काहिलीतील पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरावी लागते. पण आपला गुळव्या थर्मामीटर पाहत नाही. गार पाण्यात थेंब सोडतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि हाक देतो. त्याची बोटे आणि त्याची अक्कल एकाच अंगात असतात. यंत्राचे तसे नसते. त्याची बोटे शेडच्या दुसऱ्या टोकाला, अक्कल भिंतीवरच्या डब्यात, आणि दोहोंच्या मध्ये पन्नास मीटर तार!

हे सांगावयाचे कारण असे. हातकणंगले तालुक्यात एका बंद पोल्ट्री शेडवर गेल्या हिवाळ्यात मला तातडीने बोलावणे आले. घरचा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत इलेक्ट्रिशियन. भट्ट्यांवर चालतो तसला पीएलसी कंट्रोलर त्याने पंखे, पॅडचा पंप आणि गॅस ब्रूडर यांना जोडला होता. काम नेटके होते. परंतु तीन दिवसांची पिल्ली कोपऱ्यात एकावर एक चढत होती, काही दबून मेलीही होती. डब्यावर आकडा होता ३३. मुलगा म्हणे, तापमान बरोबर आहे, रोगच असावा. त्याच्या आजीने मला बाजूला घेऊन सांगितले, "सायेब, त्या डब्याला उकडतंय, पिल्ली मात्र गारठल्यात."

मी काचेचा थर्मामीटर पिल्लांच्या उंचीवर टांगला. पारा २४ वर थांबला. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. कंट्रोलरला वाटत होते, ऊब भरपूर आहे. म्हणून तो ब्रूडर बंद ठेवून रात्रभर पंखे फिरवत होता.

नऊ अंश गेले कोठे? ते तारेत गेले होते. फौंड्रीतला हा सेन्सर पीटी-१०० जातीचा. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम, आणि दर अंशाला तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. कंट्रोलर हा रोध मोजून तापमान ठरवतो. आता अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर जाऊन ५० मीटर परत आली, तर तिचाच रोध साडेतीन ओहमच्या आसपास भरतो. कंट्रोलर बिचारा तोही प्लॅटिनमच्याच खाती मांडतो, आणि आकडा नऊ अंशांनी चढतो. मुलाने दोनच वायरी ओढून तिसऱ्या जागी डब्यापाशी तुकडा जोडला होता. कारखान्यात सेन्सर भट्टीच्या जवळ, तेथे हे चालून जात असे.

उपाय साधा. त्याच जाडीची, त्याच लांबीची तिसरी वायर थेट सेन्सरपर्यंत नेली आणि कंट्रोलरमध्ये तीन वायरींची जोडणी निवडली. तिसऱ्या वायरीमुळे कंट्रोलरला वायरीचा रोध कळतो व तो वजा करता येतो. तासाभरात ब्रूडर पेटले, पिल्ली पांगली.

पुष्कळ पोल्ट्री कंट्रोलरना थर्मिस्टर लागतो. तो २५ अंशाला १०,००० ओहमचा असतो, त्यामुळे वायरीच्या दोन-चार ओहमने त्याचे काही बिघडत नाही. पण त्याची चाल उलटी. तापला की रोध घटतो. म्हणून थर्मिस्टरची वायर तुटली तर कंट्रोलरला वाटते कडाक्याची थंडी पडली, आणि तो पंखे बंद करू शकतो. चैत्रातल्या दुपारी भरलेल्या बंद शेडमध्ये असे झाले तर पक्षी किती वेळ तग धरतील, हे पोल्ट्रीवाल्यांना मी सांगावयास नको. यास्तव वायर तुटताच भोंगा वाजेल अशी सोय हवीच; शिवाय एक साधा थर्मोस्टॅट कंट्रोलरला वगळून थेट दोन पंख्यांच्या काँटॅक्टरला जोडावा. त्याचा खर्च एका बॅचच्या नुकसानीपुढे काहीच नाही. आणि एका जातीचा सेन्सर दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरला कधीही लावू नये.

वायर उंदीर कुरतडतात, तेव्हा ती पाइपातून न्यावी. सांधे मुरगळून टेपने गुंडाळू नयेत, तुसातून उठणारा अमोनिया तांबे खातो. सांधा बंद पेटीतच करावा. पंख्याच्या मोटारीच्या वायरीशेजारून सेन्सरची वायर नेऊ नये, आकडा नाचू लागतो. वायरीवरची जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थिंगला जोडावी. सेन्सर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर, ब्रूडरखाली नाही, पॅडच्या तुषारात नाही. पॅडकडून पंख्यांकडे जाताना हवा तापत जाते, म्हणून एकाच सेन्सरवर लांब शेड सोडू नये. शिरोळकडील हरितगृहवाल्यांनी तो पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, उन्हाआड, हवा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत टांगावा.

आणि परीक्षा घरच्या घरी होते. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा गच्च भरून थोडे पाणी घालावे, पोलादी नळीचा सेन्सर त्यात बुडवून हलवीत दहा मिनिटे ठेवावा. डब्यावर शून्य आले पाहिजे. त्या शेडवर आता दर बॅच उचलल्यावर ही परीक्षा होते. बर्फ नातू आणतो, आकडा आजी वाचून घेते, आणि काचेचा थर्मामीटर अजून त्याच खिळ्याला टांगलेला आहे.