लंकावीची सागरी सफर : सौदा धक्क्यावरच ठरवा

मलेशियाच्या वायव्येस लंकावी हा ९९ बेटांचा समूह आहे. १९८७ साली तो करमुक्त झाला आणि गिऱ्हाईक वाढले. दुकानदाराला तेथे माल बाहेरून आणावा लागतो. नाववाल्याचे भांडवल म्हणजे एक नाव आणि समोरचा समुद्र. आम्ही कापडवाले, पण हा धंदा पाहून खूश झालो.

नाववाले सहसा तीन मुकाम एकाच भाड्यात बांधतात. दायांग बुंतिंग बेटावर डोंगरांच्या कुशीत गोड्या पाण्याचे तळे आहे. सिंगा बसारजवळ घारी पाण्यावर झेपावतात. बरास बासाहला पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. नुसत्या किनाऱ्यासाठी नाव रोज भरली नसती.

माणशी पैसे देऊन इतरांबरोबर गेल्यास चारेक तासांत परतावे लागते. किनाऱ्यांवर दिवसभर निवांत फिरायचे तर सगळी नाव ठरवावी; पाच-सहा जणांत भाडे वाटून घेतले की जड जात नाही.

व्यापारी बंधूंनो, किती मुकाम, कोठे किती वेळ, तळ्याचे प्रवेशशुल्क भाड्यात की वेगळे, प्रत्येकाला तरंगजाकीट आहे का, हे धक्क्यावरच विचारून घ्या. नाव सुटल्यावर घासाघीस चालत नाही.