रिब्नोव्होची नवरी

बल्गेरियाच्या नैऋत्येला, रोडोपी पर्वताच्या पश्चिम उतारावर रिब्नोव्हो नावाचं गाव आहे. तिथली लग्नं बहुधा हिवाळ्यात होतात, कारण उन्हाळा शेतीत आणि बाहेरगावच्या मजुरीत जातो. दोन दिवसांचा सोहळा असतो. मुलीच्या घराबाहेर लाकडी मांडवावर रुखवत टांगतात. त्यात गोधड्या, चादरी, विणलेले मोजे, सारं काही गावाला दिसेल असं लावलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाया नवरीचा चेहरा रंगवतात. पांढऱ्या लेपाचा जाड थर आणि त्यावर रंगीत टिकल्यांची फुलं. नवरी डोळे मिटूनच बाहेर येते. मौलवींनी दुआ दिल्यावर ती डोळे उघडते. पुढे नवरा दुधानं तिचा चेहरा धुतो.

हे लोक पोमाक. धर्मानं मुसलमान, मातृभाषा बल्गेरियन. ओटोमन अमलात रोडोपीत इस्लाम रुजला. बोली मात्र तीच राहिली.

नेमकं हेच साम्यवादी सरकारला खटकलं. बल्गेरियन बोलता, मग नाव मुसलमानी कशाला? १९६४ मध्ये नावं बदलण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा रिब्नोव्होनं विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पण १९७०नंतरच्या काही वर्षांत पोमाकांची नावं सक्तीनं बदललीच. १९८४-८५ मध्ये तुर्कवंशीयांवरही तीच वेळ आली. धार्मिक रीतीही सरकारला खपत नव्हत्या. १९८९च्या नोव्हेंबरात राजवट कोसळली आणि १९९०च्या कायद्यानं जुनी नावं परत घेण्याची वाट मोकळी झाली. नवरीचा शृंगारही पुन्हा उजळ माथ्यानं होऊ लागला.

मी या गावी गेलेलो नाही. तरी ही हकिकत मला परकी वाटत नाही. कविसंमेलनात माझं नाव पुकारलं की कोणीतरी कौतुकानं विचारतं, ‘मराठी इतकं छान कसं जमतं?’ विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची, त्या मराठीतच. ती भाषा मी कुठे शिकायला गेलो नव्हतो.

मला नुसता प्रश्न विचारला जातो. रिब्नोव्होच्या माणसांना त्याच प्रश्नापायी नाव गमवावं लागलं होतं. आज तिथली नवरी डोळे उघडते, तेव्हा तिला हाक मारणारे बल्गेरियनच बोलत असतात, आणि हाक मारतात ती तिच्या आईबापांनी ठेवलेल्या नावानं.