पॉवर टिलरच्या चार्जिंगची परीक्षा

महाड व पोलादपूर तालुक्यांत भाताच्या चिखलणीस मोजकेच दिवस मिळतात. राबातील रोप तयार असता पॉवर टिलरचा सेल्फ फिरेनासा झाला, तर लावणी लांबते व रोप जून होते. अशा वेळी सारा दोष बॅटरीस देऊन नवी बॅटरी आणली जाते. पुष्कळदा तीही आठवडाभरात उतरते, कारण मूळ दोष अन्यत्र असतो.

डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यास विजेची गरज लागत नाही. म्हणून चार्जिंग बंद पडले तरी टिलर दिवसभर चालतो आणि बिघाड दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

बहुतेक लहान इंजिनांत फ्लायव्हीलमधील चुंबक कॉइलभोवती फिरून प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. रेग्युलेटर तिला एकदिश करून बॅटरीकडे धाडतो. परीक्षेस आरंभ मात्र बॅटरीपासूनच करावा. रात्रभर स्वस्थ ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दाखवावेत. आकडा १२ च्या खाली असल्यास ती प्रथम बाहेरून चार्ज करून घ्यावी. नंतर इंजिन मध्यम वेगाने चालवून पुन्हा मोजावे. आकडा १४ च्या आसपास चढल्यास चार्जिंग ठीक आहे. तरीही बॅटरी उतरत असेल तर तीच जीर्ण झाली असावी. आकडा मुळीच न हलल्यास वीज पोहोचत नाही. तो १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर निकामी असून बॅटरीतील पाणी आटते.

वीज पोहोचत नसल्यास लगेच कॉइल उघडण्याची घाई करू नये. सावित्रीच्या खोऱ्यातील पावसात व चिखलात जोडण्या लवकर गंजतात. फ्यूज, टर्मिनल व अर्थची जोडणी घासून स्वच्छ करावी. इतके केल्यावरही फरक न पडल्यास रेग्युलेटरकडे येणाऱ्या कॉइलच्या तारा इंजिन बंद असताना सोडवाव्यात, मीटर एसीवर ठेवावा आणि इंजिन चालवून पाहावे. वेगाबरोबर आकडा चढला तर कॉइल शाबूत आहे; दोष रेग्युलेटरचा किंवा त्यापुढील तारेचा होय. आकडा न चढल्यास कॉइल कारागिराकडे न्यावी.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून चार्जिंग पाहण्याची चाल मात्र सोडलेली बरी. त्या एका झटक्याने चांगला रेग्युलेटर जळू शकतो.

जुलै २०२१ मधील महाडच्या पुरासारख्या पुरात यंत्र बुडाल्यास गाळ धुऊन, कॉइल पूर्ण वाळवून, तेल बदलल्यावाचून ते सुरू करू नये. हंगाम संपल्यावर बॅटरी सोडवून कोरड्या पडवीत ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज करावी.