गोचिडाला फसवताना

गाईच्या कासेला चिकटलेल्या गोचिडाचा दाखला ज्ञानेश्वरीत येतो. कातडीपलीकडे दूध आहे, तरी तो रक्तच पितो. हे रक्तच आहे, असं त्याला कळतं कसं? रक्तपिपासू जीव प्रयोगशाळेत पाळायचे, पण त्यासाठी सशाचं किंवा उंदराचं अंग द्यायचं नाही, असं ठरलं की या प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागतं.

डास त्या मानाने सोपा. मात्र रक्त अंगाइतकं कोमट हवं आणि सोंड खुपसायला मधे कातडीसारखं काही हवं. १९६४ साली रटलेज, वॉर्ड आणि गूल्ड या संशोधकांनी त्यासाठी काचेचं दुहेरी भिंतीचं भांडं केलं. भिंतींच्या मधून गरम पाणी फिरतं, आत रक्त, तळाला ताणून बसवलेला पातळ पडदा. पिंजऱ्याच्या जाळीवर ते ठेवलं की माद्या खालून येऊन चिकटतात आणि बघता बघता त्यांची पोटं लालबुंद होतात.

आणि चव? १९६३ साली इस्रायलमधल्या राशेल गालून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना मिठाच्या पाण्यात एटीपी मिसळून दिलं. त्यात रक्ताचा थेंबही नव्हता, तरी माद्या पोटभर प्यायल्या. एटीपी म्हणजे प्रत्येक जिवंत पेशीचं इंधन. डास रक्तात चाखतो ती ही जिवंतपणाची खूण! यापुढे डास चावला की मला तरी हे आठवल्याशिवाय राहणार नाही.

गोचिडाचं प्रकरण चिवट. डासाचं जेवण मिनिटांत उरकतं, गोचिडाच्या मादीचं आठवडाभर चालतं. ती कातडी कापते, काटेरी सोंड आत रुतवते आणि लाळेतून सिमेंटसारखा पदार्थ सोडून स्वतःला तिथे पक्कं करून घेते. एवढा काळ टिकणारी खोटी कातडी आणायची कुठून? स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल विद्यापीठात थॉमस क्रोबर आणि पॅट्रिक गेरिन यांनी भिंग पुसायच्या तलम कागदावर मऊ सिलिकॉनचा लेप दिला. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. सिलिकॉन लवचीक असल्याने गोचिडाने सोंड काढली की भोक आपोआप मिटतं, रक्त गळत नाही. वर जनावराचे केस आणि केसांचा अर्क, म्हणजे अंगाचा वास आला. खाली कत्तलखान्यातून आणलेलं गाईबैलांचं रक्त. कोमट रक्त लवकर नासतं, म्हणून त्यात प्रतिजैविक घालायचं आणि दिवसातून दोनदा ते बदलायचं, रात्र असो की सुट्टी. एवढी बडदास्त ठेवली तरच हा पाहुणा जेवायला बसतो.

ही खटपट आपल्याला परकी नाही. गोचिडांतून पसरणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात उघड झाला आणि त्याचा विषाणू शोधण्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा वाटा होता. पुढे हा ताप गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही पोचला. गोचिडांवर कोणतं औषध चालतं, गोचीड रोगजंतू कसे उचलतात, हे आता जनावराला हात न लावता पडद्यावर तपासता येतं.

नूशातेलच्याच प्रयोगशाळेने १९९५ साली एका आफ्रिकी गोचिडाची अळी, पिल्लू आणि प्रौढ या तिन्ही अवस्था अशा पडद्यावर पोसल्या आणि त्याचं अख्खं जीवनचक्र पूर्ण करून दाखवलं.