बोट कोणाची? सिली बेटांच्या आगबोट कंपनीची गोष्ट

बेटावर राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न कायम सतावतो. आपल्याला किनाऱ्याशी जोडणारी बोट कोणाच्या मर्जीवर चालते? आज या प्रश्नासाठी आपण एक छोटी कंपनी बघू.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून साधारण ४५ किलोमीटर आत समुद्रात सिली नावाची बेटं आहेत. वस्ती फक्त पाच बेटांवर आणि लोक दोन हजारांच्या आसपास. सेंट मेरीज हे त्यातलं सर्वांत मोठं बेट. समोरच्या किनाऱ्यावरचं त्यांचं बंदर म्हणजे पेन्झान्स.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इथे आगबोटी आल्या. सुरुवात काही सोपी नव्हती. एकट्या १८७२ साली दोन बोटी खडकांवर आपटून गेल्या. ‘अर्ल ऑफ ॲरन’ ही त्यातली एक. ती तर जवळची वाट धरण्याच्या नादात फुटली. तरी बोट हवीच होती, कारण फुलं. इथला हिवाळा सौम्य, त्यामुळे नार्सिससची फुलं इंग्लंडच्या इतर भागांआधी उमलतात. बेटावरून बोटीने पेन्झान्स आणि तिथून रेल्वेने लंडनचा बाजार, अशी ही साखळी होती. आता फूल काही थांबत नाही. बोट एक दिवस चुकली की शेतकऱ्याचा भाव गेलाच म्हणून समजा.

म्हणजे बोट बाहेरच्या कंपनीची आणि नुकसान मात्र बेटावरच्या माणसाचं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ‘लायोनेस’ ही जुनी बोट बंद झाली आणि सगळी घडी विस्कटली. तेव्हा बेटकऱ्यांनी ठरवलं, आपणच कंपनी काढू. १९२० साली लोकांनी शेअर घेतले आणि ‘आइल्स ऑफ सिली स्टीमशिप कंपनी’ उभी राहिली. सुरुवात एका जुन्या बोटीवर झाली. मग १९२६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रून इथे खास बांधून घेतलेली ‘सिलोनियन’ आली. पुढे १९५५ साली बांधलेली दुसरी ‘सिलोनियन’ आणि १९७७ मध्ये तिसरी. दुसरीपासून वाफ गेली, डिझेल आलं. कंपनीच्या नावात मात्र ‘स्टीमशिप’ तसंच राहिलं.

आपल्याकडेही असा विचार झाला होता बरं का. कोकण किनाऱ्यावर स्वदेशीच्या भावनेतून जी सहकारी बोट कंपनी निघाली, तिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्या ‘माझी’मध्ये सगळं आलं.

पण बोट आपली झाली म्हणून समुद्र काही आपला होत नाही. दोन्हीकडची बंदरं उथळ, भरती-ओहोटीचा खेळ मोठा. म्हणून बोटीचा पाण्याखालचा भाग कमी खोल ठेवावा लागतो. कमी खोल बोट मोकळ्या समुद्रात जास्त डोलते, आणि लोकांना बोट लागते. विनोदाने तिला ‘पोट उपसणारा पांढरा पंप’ अशा अर्थाचं नावच पडलंय! शिवाय हिवाळ्यात ही प्रवासी बोट बंद असते. आपल्या कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद होत, तसंच. लहान बेटांवर जायला सेंट मेरीजहून छोट्या होड्या लागतात. कोकणात बोटीतून किनाऱ्यावर उतरायला पडाव लागत, ते आठवा.

मग १९६४ साली हेलिकॉप्टर सुरू झालं आणि प्रवासी वाटले गेले. पण पीठ, सिमेंट, गॅस, फर्निचर हेलिकॉप्टरने कोण नेणार? ते ओझं बोटीवरच राहिलं. त्यासाठी कंपनीने १९८९ मध्ये ‘ग्री मारिथा’ ही वेगळी मालवाहू बोट घेतली.

आता खरा पेच. स्कॉटलंडच्या बेटांच्या बोटींना सरकारी अनुदान मिळतं. सिलीच्या बोटीला रोजच्या फेऱ्या चालवायला तसं नियमित अनुदान नाही. म्हणजे नवी बोट घ्यायची तर पैसा तिकिटातून आणि मालाच्या भाड्यातून उभा करायचा. भाडं वाढवलं की दुकानातली प्रत्येक वस्तू महागते. नाही वाढवलं तर जुनी बोट आणखी जुनी होते. आणि शेअरवाला, दुकानदार, गिऱ्हाईक हे पुष्कळदा एकच माणूस असतो. तो फायदा मागणार की स्वस्त भाडं?

म्हणून मी म्हणतो, मालकी हातात आली की प्रश्न संपत नाही, फक्त त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सिलीच्या लोकांनी ती शंभर वर्षं पेलली आहे. आणि एक लक्षात ठेवा, बेटासाठी बोट हा निव्वळ धंदा नव्हे. तो त्यांचा रस्ता आहे.