समुद्राचे विष आणि फौंड्रीची धूळ

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर अधूनमधून समुद्राचे पाणी तांबूस होते. ‘कॅरेनिया ब्रेव्हिस’ या सूक्ष्म शैवालाची बेसुमार वाढ हे त्याचे कारण होय. लाटांच्या माऱ्याने शैवालाच्या पेशी फुटतात, त्यांतील ब्रेव्हेटॉक्सिन हे विष तुषारांबरोबर हवेत मिसळते आणि किनाऱ्यावरील माणसांना खोकल्याची उबळ येते. दमेकऱ्यांचे हाल तर विचारावयासच नकोत.

श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांहून कितीतरी सूक्ष्म असे तंतू असतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. सेकंदाला दहा-बारा वेळा वल्ह्यांप्रमाणे हालून ते धुळीने भरलेला कफ घशाकडे लोटतात. पेशीतील कॅल्शियम वाढले की ही वल्ही जलद चालतात. ब्रेव्हेटॉक्सिन पेशींची सोडियमची दारे उघडी ठेवते, त्यापाठोपाठ कॅल्शियमचा तोल ढळतो आणि श्वासनलिका आवळल्या जातात. मेंढ्यांवरील प्रयोगांत कफ वाहून नेण्याची गतीही मंदावलेली आढळली.

कोल्हापूरकरांनी याची दखल का घ्यावी? या जिल्ह्याला समुद्र नाही, हे खरे. परंतु शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांत राबणाऱ्या कामगारांच्या छातीतही हीच वल्ही चालत असतात. येथे विष निसर्गाचे नाही, साच्याच्या वाळूचे आहे. ओतीव भाग साच्यातून झोडपून काढताना आणि घासून साफ करताना सिलिकाची धूळ उडते. तिच्यातील जाड कण पक्ष्माभिका बाहेर लोटतात. अतिसूक्ष्म कण मात्र त्यांना चुकवून, जेथे पक्ष्माभिकाच नाहीत, अशा वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे व्रण धरतात आणि फुफ्फुस कठीण होत जाते. हाच सिलिकोसिस. त्यावर उपाय नाही आणि क्षयाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

दोन ठिकाणांमधील खरा फरक हिशेबाचा आहे. फ्लोरिडात पर्यटक परत फिरला की हॉटेलवाल्याचे नुकसान त्याच दिवशी दिसते. म्हणून तेथील शासन पाण्याचे नमुने तपासून कोठे किती शैवाल आहे, हे जाहीर करते. फौंड्रीतील रोग बहुधा वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. तोपर्यंत कंत्राटी कामगार ठेकेदार बदलून वा गावी परतून दृष्टीआड झालेला असतो. ओतीव मालाच्या किमतीत लोखंड, कोळसा, वीज सारे धरले जाते. श्वास तेवढा धरला जात नाही. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते, तो असा कामगाराच्या कुटुंबाच्या माथी बसतो.

कायदा नाही असे नव्हे. 1948च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसची खबर देणे बंधनकारक केले आणि 2020च्या संहितेच्या यादीतही तो रोग आहे. परंतु खबर द्यावयाची तर आधी निदान हवे, आणि निदानासाठी तपासणी. लहान फौंड्रीला धूळ शोषून घेणारी यंत्रणा परवडत नाही, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. त्यावर स्वस्त कर्ज वा सामायिक सोय हा मार्ग आहे. धुळीचे मोजमाप कारखान्याच्या दारावर लावणे आणि प्रत्येक कामगाराचा, कंत्राटीसुद्धा, छातीचा एक्स-रे ठरावीक मुदतीने काढणे यांस मात्र गरिबीची सबब चालणार नाही. परक्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्याला आजची हवा कशी आहे, हे कळते. ज्याच्या घामावर कोल्हापूरचा उद्योग उभा आहे, त्यालाही तेवढे कळलेच पाहिजे.