वॉटरगेट : घरफोडीपेक्षा लपवाछपवी महागात

अमेरिकेतील राजकीय भानगडींच्या नावाला ‘गेट’ जोडण्याची प्रथा ज्या प्रकरणामुळे पडली, ते वॉटरगेट प्रकरण मुळात घरफोडीचे होते. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना पोलिसांनी पकडले. धागेदोरे रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रचार समितीपर्यंत पोहोचले. या घरफोडीचा आदेश निक्सन यांनी दिल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. त्यांना भोवली ती नंतरची लपवाछपवी.

अवघ्या सहा दिवसांनी, ‘एफबीआय’चा तपास ‘सीआयए’करवी थोपवण्याच्या योजनेला निक्सन यांनी संमती दिली. हे संभाषण व्हाइट हाउसमधील त्यांच्याच ध्वनिमुद्रण यंत्रणेने टिपले. ही यंत्रणा जुलै १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे उघड झाली. विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी ध्वनिफिती मागताच, २० ऑक्टोबर रोजी निक्सन यांनी त्यांना हटवण्याचा आदेश दिला. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी तो न पाळता राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. अखेर तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनी आदेश अमलात आणला.

तरीही तपास थांबला नाही. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ध्वनिफिती सादर करण्यास फर्मावले. या आठांपैकी तीन न्यायमूर्ती निक्सन यांनीच नेमलेले होते. ५ ऑगस्टला ते संभाषण जाहीर झाले, स्वपक्षीयांनीही पाठ फिरवली आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. महिन्याभराने नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिल्याने खटला चाललाच नाही.

१ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबाबत फौजदारी खटल्यापासून व्यापक संरक्षण दिले. न्याय विभागातील अधिकाऱ्यांशी केलेली चर्चाही त्यात आली. त्यामुळे तपासयंत्रणांना वेठीस धरणाऱ्या अध्यक्षावर पुढे खटला भरणे बिकट झाले आहे. महाभियोगाचा मार्ग अर्थातच खुला आहे. मात्र दोषी ठरवण्यास सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. आजवर एकाही अध्यक्षाविरुद्ध ती मिळालेली नाहीत.